डायलिसिसच्या पद्धतींची तुलना करताना अहवालातील आकडे कसे वाचावेत

कोल्हापुरात डायलिसिसला येणाऱ्या रुग्णांमध्ये शहरातल्या लोकांइतकेच राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी या भागांतून पहाटेच्या एसटीने येणारे लोक असतात, आणि यंत्रावर चार तास शेजारीशेजारी झोपल्यावर त्यांचे बोलणे हमखास एकाच प्रश्नावर येते. "आमच्या पाहुण्यांचं पोटातलं डायलिसिस आहे, त्यांचं रक्त जास्त साफ होतं की आमचं?" डायलिसिस तंत्रज्ञ म्हणून अनेक वर्षे हा प्रश्न ऐकल्यानंतर मला असे वाटते की, त्याचे उत्तर देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले पाहिजेत: कोणते विष, आणि किती दिवसांच्या हिशेबाने? हे दोन प्रश्न सोडून केलेली तुलना रुग्णाची दिशाभूल करते.

प्रथम विषांविषयी, म्हणजे मूत्रपिंड काम करीनासे झाल्यावर रक्तात साचणाऱ्या पदार्थांविषयी. युरिया आणि क्रिएटिनिन हे आकाराने लहान रेणू असून ते पाण्यात सहज विरघळतात आणि कोणत्याही पद्धतीने बऱ्यापैकी निघतात. बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिनसारखे मध्यम आकाराचे रेणू युरियापेक्षा सुमारे दोनशे पट जड असतात. ते वर्षानुवर्षे साचत गेले की हाताला मुंग्या येणे, खांदे दुखणे असे त्रास सुरू होतात. तिसरा गट रक्तातील प्रथिनांना चिकटून बसणाऱ्या विषांचा आहे. इंडॉक्सिल सल्फेट हे त्यांतले एक असून प्रथिन गाळणीच्या छिद्रांतून जात नसल्यामुळे त्याला चिकटलेले विषही रक्तातच राहते. अहवालात छापलेला आकडा बहुतेक वेळा केवळ पहिल्या गटाचा, त्यातही एकट्या युरियाचा असतो, हे ध्यानात ठेवून पुढे जावे.

यंत्रावरील डायलिसिसने, म्हणजे हिमोडायलिसिसने, रक्त किती शुद्ध झाले हे पाहण्यासाठी आधीचा आणि नंतरचा युरिया मोजतात. आधी 150 आणि नंतर 45 आला, तर 105 कमी झाला. 105 ला 150 ने भागून शंभराने गुणले की 70 टक्के येतात. यालाच केंद्रात यूआरआर म्हणतात. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेणाऱ्याचा यूआरआर किमान 65 टक्के असावा, असा मापदंड आहे. काही प्रयोगशाळा युरिया देतात, तर काही युरियातील नायट्रोजन देतात, आणि या दोन आकड्यांत दुपटीहून थोडा अधिक फरक असतो. म्हणून दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने तपासले आहेत ना, हे आवर्जून पाहावे.

मात्र टक्केवारीपेक्षाही नंतरचा नमुना कसा घेतला, याला अधिक महत्त्व आहे. योग्य रीत अशी की, वेळ संपत आल्यावर पाणी काढणे थांबवावे, रक्ताच्या पंपाचा वेग मिनिटाला 100 मिलिलिटरपर्यंत खाली आणावा, सुमारे 15 सेकंद थांबावे आणि मग रुग्णाकडून यंत्राकडे येणाऱ्या नळीतून रक्त घ्यावे. फिस्टुलाचा (सुया टोचण्यासाठी हातावर शस्त्रक्रियेने जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीचा) प्रवाह कमी असेल तर नुकतेच शुद्ध झालेले रक्त पुन्हा त्याच नळीत ओढले जाते; वेग कमी करून थांबल्याने ते मिसळलेले रक्त पुढे निघून जाते आणि शरीरातील खऱ्या रक्ताचा नमुना मिळतो. मी पूर्वी ज्या एका केंद्रात काम करीत होतो, तेथे एका काकांचा यूआरआर 80 टक्के आला होता, परंतु त्यांना अन्नाची वासना नव्हती आणि अंगाची खाज थांबत नव्हती. चौकशी केली तेव्हा कळले की, सलाईनने रक्त परत दिल्यानंतर घाईत नमुना घेतला गेला होता आणि सलाईनमुळे तो पातळ झाला होता. पुढच्या वेळी नीट घेतलेल्या नमुन्यात 58 टक्के आले. तो पहिला अहवाल मीच फाईलला लावला होता, आणि त्यामुळे काकांचे जे आठवडे कमी शुद्धीवर गेले त्यांची खंत मला आजही आहे. म्हणून रुग्णाने किंवा घरच्यांनी "नमुना केव्हा आणि कुठून घेतला?" असे विचारण्यात काहीही गैर नाही.

यूआरआरपेक्षा अधिक काटेकोर माप म्हणजे केटी बाय व्ही. के म्हणजे एका मिनिटात युरियापासून मोकळे होणारे रक्त, टी म्हणजे वेळ आणि व्ही म्हणजे शरीरातील एकूण पाणी. वरच्याच उदाहरणातील रुग्ण पुरुष असून त्याचे वजन 55 किलो आहे, चार तासांत अडीच लिटर पाणी काढले आहे, असे धरले तर प्रचलित सूत्राने हा आकडा सुमारे 1.45 येतो. तीन वेळच्या डायलिसिसमध्ये प्रत्येक वेळी तो 1.2 च्या खाली जाऊ नये आणि लक्ष्य 1.4 चे असावे, असे मानतात.

आता पाहुण्यांच्या पोटातल्या डायलिसिसशी, म्हणजे पेरिटोनियल डायलिसिसशी, तुलना करू. त्यात पोटात द्रव सोडतात आणि पोटाच्या आतल्या पडद्यातून विषे त्या द्रवात उतरतात. यंत्रावरच्या या रुग्णाच्या शरीरात सुमारे 33 लिटर पाणी आहे, त्याला 1.45 ने गुणले की एका वेळी सुमारे 48 लिटर आणि आठवड्यात सुमारे 144 लिटर शुद्धी होते. पोटात रोज दोन लिटरच्या चार पिशव्या सोडल्या आणि एक लिटर जास्तीचे पाणी बाहेर आले, तर रोजचे नऊ, म्हणजे आठवड्याचे 63 लिटर होतात, आणि त्याला 33 ने भागले की 1.9 येतात. वरवर पाहता यंत्र दुपटीहून सरस वाटते, परंतु तसा निष्कर्ष काढू नये. यंत्रावर शेवटच्या तासात रक्तातील युरिया एक तृतीयांशावर आलेला असतो, त्यामुळे तेव्हा शुद्ध होणाऱ्या प्रत्येक लिटरमागे विषही तितकेच कमी निघते. शिवाय रुग्ण घरी गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासात स्नायूंतला युरिया रक्तात उतरतो आणि पातळी पुन्हा थोडी चढते. पोटातले काम मात्र रात्रंदिवस संथपणे चालते आणि रक्तातील पातळी जवळपास स्थिर राहते. म्हणूनच पोटाच्या पद्धतीचे किमान माप आठवड्याला 1.7 इतकेच ठेवलेले आहे. प्रत्येक पद्धत तिच्या स्वतःच्या मापाने मोजावी, 1.45 आणि 1.9 हे आकडे एकमेकांशेजारी मांडू नयेत. पोटाच्या पडद्याची क्षमताही माणसागणिक वेगळी असते, आणि चार तासांच्या पेट (पेरिटोनियल इक्विलिब्रेशन टेस्ट) चाचणीने ती कळल्याशिवाय पिशव्यांची वेळ ठरवणे म्हणजे अंदाजाने औषध देणे होय.

मध्यम रेणूंच्या बाबतीत पद्धतींमधला फरक ठळक होतो. साध्या, बारीक छिद्रांच्या लो-फ्लक्स फिल्टरमधून ते जवळजवळ निघत नाहीत, मोठ्या छिद्रांच्या हाय-फ्लक्समधून बऱ्यापैकी निघतात आणि हिमोडायफिल्ट्रेशनमध्ये त्याहून अधिक निघतात, कारण तेथे पाण्याच्या मोठ्या प्रवाहाबरोबर ते ओढले जातात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या कॉन्व्हिन्स या युरोपातील अभ्यासात 1360 रुग्ण होते. जास्त प्रमाणातील हिमोडायफिल्ट्रेशन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण 17.3 टक्के, तर हाय-फ्लक्स घेणाऱ्यांत 21.9 टक्के आढळले. तेथे प्रत्येक वेळी किमान 23 लिटर द्रव गाळण्याचे लक्ष्य होते, आणि त्यासाठी फिस्टुलाचा प्रवाह उत्तम व पाणी अतिशुद्ध लागते. म्हणून कोणी ही पद्धत सुचवली तर "आमचे किती लिटर होतील?" हे विचारून मगच जादा खर्चाचा निर्णय घ्यावा. फिल्टर धुऊन पुन्हा वापरला जात असेल, तर त्याच्या तंतूंतील जागा मूळच्या 80 टक्क्यांखाली जाताच तो बदलला पाहिजे. ही नोंद दाखवायला सांगावी.

दुसऱ्या बाजूने, युरियाची टक्केवारी सतत वाढवत नेण्याचाही उपयोग नाही. 2002 साली अमेरिकेतील हेमो अभ्यासात नेहमीच्या मापापेक्षा जास्त शुद्धी देऊनही रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. फॉस्फरससाठी मात्र डायलिसिसची वेळ वाढवण्याचा उपयोग होतो. तो बहुतांशी हाडांत आणि पेशींच्या आत असतो आणि हळूहळू बाहेर येतो, म्हणून युरिया 70 टक्के उतरूनही फॉस्फरस चढाच राहू शकतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला रोज घेणाऱ्या माणसाला हे समजावून सांगताना जीवावर येते, परंतु त्या पेल्यासकट रोज पोटात जाणारा सगळा फॉस्फरस काढण्याची ताकद चार तासांच्या यंत्रात पुरेशी नाही.

हिशेब आठवड्याचा धरावा, असे मी म्हणतो त्याला येथील पावसाळाही कारण आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर तर पुराचे पाणी चढले की वाहतूक थांबतेच. यंत्रावर उत्तम उतरणारा 1.45 हा आकडा, तीनऐवजी एकदाच येता आले तर त्या आठवड्यापुरता 1.45 वरच थांबतो. पोटाच्या पद्धतीत घरी पिशव्यांचा साठा असेल तर असा खंड पडत नाही. महात्मा जोतिराव फुले योजनेतून यंत्रावरील डायलिसिस मोफत मिळते म्हणून तेच निवडणे समजण्यासारखे आहे, परंतु नदीपलीकडच्या गावातील रुग्णाने ही बाजू डॉक्टरांपुढे अवश्य मांडावी.

उरलेली लघवी ही या सगळ्या तुलनेतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. मूत्रपिंड मिनिटाला केवळ दोन मिलिलिटर काम करीत असले तरी आठवड्याला 20 लिटर शुद्धी मिळते, आणि प्रथिनांना चिकटलेली विषे, जी कोणत्याच फिल्टरमधून नीट निघत नाहीत, ती हेच उरलेले मूत्रपिंड बाहेर टाकते. पोटाच्या डायलिसिसमध्ये ही लघवी सहसा अधिक काळ टिकते. आठवड्यातून दोनदाच डायलिसिस पुरेसे आहे की नाही, हेही तिच्या मोजमापावर ठरते. त्यासाठी सकाळची पहिली लघवी टाकून द्यावी, त्यानंतरची दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली लघवी एकाच स्वच्छ कॅनमध्ये जमा करावी, कॅनवर सुरुवातीची व शेवटची वेळ लिहावी, आणि ती रक्ताच्या नमुन्यासोबत प्रयोगशाळेत द्यावी. यंत्रावरील रुग्णाने दोन डायलिसिसमधल्या दिवसांतच ती जमा करावी आणि वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्या गोळ्यांनी उरलेले मूत्रपिंडही बिघडू शकते.