पोकळ विटेत अँकर नुसताच फिरतो? हे लागू पडलं

पोकळ विटेच्या भिंतीत ब्रॅकेटचा एम१० अँकर (१० मिमी आट्यांचा, भिंतीत रुतवायचा बोल्ट) घट्ट होईना. नट आवळला की अख्खा बोल्ट फिरायचा. जाड एक्सपान्शन बोल्टने (आवळला की भोकात फुगून बसणारा) विटेच्या आतल्या पातळ भिंती फुटल्या, नुसतं रेझिन (बोल्ट चिकटवायचं, दोन भाग मिसळून कडक होणारं रसायन) भरलं तर ते पोकळीत वाहून गेलं. वैताग आला.

शेवटी जाळीच्या स्लीव्हने, म्हणजे रेझिन धरून ठेवणाऱ्या जाळीदार नळीने, काम झालं. फुटलेल्या भोकापासून दूर, ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवून १६ मिमीचं नवं भोक (खरं दुखणं हॅमरचंच होतं). ब्रश, हवा, परत ब्रश. १६×८५ मिमीची स्लीव्ह बसवली. नोझलमधून रंग एकसारखा येईपर्यंतचं सुरुवातीचं रेझिन फेकलं, मग ते नोझल तळाशी नेऊन मागे घेत स्लीव्ह काठोकाठ भरली. अँकरचा आट्यांचा रॉड हळूहळू फिरवत आत. रेझिनच्या कार्ट्रिजवरच्या तक्त्यातला कडक व्हायचा वेळ पूर्ण होईपर्यंत हात लावला नाही. नट टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना) आवळला, तोही पोकळ विटेसाठी दिलेल्या मर्यादेत; काँक्रीटचा आकडा इथे चालत नाही.