एआयला रिपोर्ट दाखवताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम ६.१ आलं. रात्रीचे साडेदहा वाजलेले. मी फोटो काढून एआयला दाखवला, तर उत्तर आलं : हृदयाचे ठोके बिघडू शकतात, ताबडतोब दवाखाना गाठा. गाठला. पुन्हा रक्त घेतलं, आकडा ४.४! ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी मूळ कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नमुना हिमोलाइज्ड'. म्हणजे रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटल्या, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं आणि आकडा फुगला. फोटो नीटनेटका दिसावा म्हणून ती ओळ मीच कापली होती.

तर पहिली चूक ही : अर्धा कागद दाखवणं. तळटीप, एकक, तारीख, लॅबची नॉर्मल रेंज, सगळं फोटोत येऊ द्या. इंग्लंडमधल्या बहिणीची साखर ७.१ (मिलिमोल प्रति लिटर) म्हणजे आपल्याकडची साधारण १२८ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). एकक कापलं गेलं की गोंधळ ठरलेला. चालू गोळ्याही सांगा. बाबा बीपीसाठी टेल्मिसार्टन घेतात आणि त्यानं पोटॅशियम खरंच वाढू शकतं. मी तेही सांगितलं नव्हतं. म्हणून त्या रात्री धावलो याचं मला वाईट वाटत नाही. तळटीप दिसली असती तरी तपासणी पुन्हा करावीच लागली असती.

दुसरी चूक म्हणजे प्रश्नातच उत्तर घालणं. 'हा कॅन्सर तर नाही ना?' असं विचारलं की पुढचं सगळं बोलणं कॅन्सरभोवती फिरतं. त्यापेक्षा 'या रिपोर्टवरून डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारू?' असं विचारून पाहा. माझ्या मते एआयचा घरगुती फायदा इथेच आहे. ओपीडीत मिळणाऱ्या पाच मिनिटांत आपण गांगरत नाही.

तिसरं, एआयच्या सांगण्यावरून औषध किंवा आहार परस्पर बदलू नका. अमेरिकेतल्या साठ वर्षांच्या एका गृहस्थांनी चॅटबॉटशी बोलून मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खायला सुरुवात केली. तीन महिन्यांत भास, संशय, मग इस्पितळ. ही केस २०२५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे.

इस्पितळातला एआय मात्र वेगळा, एकाच कामासाठी घडवलेला. स्वीडनमध्ये ८०,००० हून अधिक स्त्रियांच्या मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) चाचणीत त्याच्या मदतीनं फोटो वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर सापडण्याचं प्रमाणही घटलं नाही. टीबीसाठी छातीचा एक्स-रे एआयनं वाचायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये मान्यता दिली, तीही १५ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठीच. 'मशीननं क्लिअर दिलं' म्हणून थुंकीची तपासणी टाळणं ही इथली चूक. शिवाय टीबी गाठींत किंवा मणक्यात असेल तर छातीच्या फोटोत तो दिसेलच असं नाही.

फोटो टाकण्याआधी नाव, मोबाइल नंबर आणि केसपेपरचा नंबर अंगठ्याखाली झाका. अंगठा तळटिपेवर मात्र नको.

आणि छातीत कळ, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ जड होणं, यातलं काही दिसलं तर टाइप करत बसू नका. १०८ लावा.