अंदमानात मित्राला गाठायचं तर

इंदुरात 'आठला छप्पन दुकानवर ये' एवढं ठरलं की पुरतं. अर्धा तास इकडेतिकडे झालाच तर फोन आहेच. अंदमानात हा हिशेब चालत नाही. एक जण आधीपासून सॅक घेऊन बेटं फिरतोय आणि दुसरा घरून निघून त्याला मध्येच गाठणार आहे, अशी भेट घड्याळावर नाही, बोटीच्या वेळापत्रकावर बांधावी लागते. तिथे बोट चुकली की बहुतेक वेळा अख्खा दिवस जातो, आणि समोरचा तोवर कुठे थांबलाय हे कळायला फोनला रेंज असेलच असं नाही.

सगळ्यात आधी जागा. पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) धक्क्यावर भेटायचं ठरवू नका. सरकारी बोटी फिनिक्स बेच्या जेट्टीवरून सुटतात, खासगी बोटी बहुधा हॅडोच्या धक्क्यावरून. 'जेट्टीवर ये' म्हटलं की एक जण इथे आणि दुसरा तिथे, हा घोळ नेहमीचा आहे. शहरातच भेटायचं असेल तर अबर्डीन बाजारातलं घंटाघर बरं. ते कुठल्याही रिक्षावाल्याला माहीत असतं, आणि वाट बघताना बसायला चहाची दुकानं आहेत.

त्याहून सोयीचं म्हणजे हॅवलॉक बेट. तिथे सरकारी काय, खासगी काय, सगळ्या बोटी एकाच जेट्टीला लागतात. पण नेमकं कुठे, हेही ठरवा. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत आणि बाहेर नावांच्या पाट्या धरलेल्या ड्रायव्हरांची गर्दी असते. म्हणून 'जेट्टीच्या फाटकाबाहेर, उजव्या हाताला' इतकं स्पष्ट बोललेलं असावं. नील बेटावर भेटायचं असेल तर भरतपूर बीचचं प्रवेशद्वार धरा, जेट्टीपासून चालत काही मिनिटांवर आहे.

किनारे भेटीची जागा म्हणून फसवे असतात. राधानगर बीच जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटरवर, आणि किनारा इतका लांब की दोघं तिथेच असूनही एकमेकांना दिसणार नाहीत. नीलचा तो दगडी नैसर्गिक पूल फोटोत फार छान दिसतो, पण तिथे ओहोटीलाच जाता येतं. ओहोटीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, त्यामुळे आज सकाळी दहाला मोकळी असलेली वाट चार दिवसांनी त्याच वेळी पाण्याखाली असू शकते.

नावांचाही घोळ आहे. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप; ही नावं २०१८ च्या डिसेंबरात बदलली, तिकिटावर नवं असतं आणि तोंडी जुनं चालतं. नीलवर लक्ष्मणपूर नावाचे बीच दोन आहेत, एक नंबर आणि दोन नंबर. तो दगडी पूल दोन नंबरवर आहे. आणि 'रॉस' दोन आहेत. एक पोर्ट ब्लेअरसमोर, बोटीने काही मिनिटांवर. दुसरं दिगलीपूरजवळचं रॉस-स्मिथ, पोर्ट ब्लेअरहून दिगलीपूरपर्यंतच सडकेने जायला अख्खा दिवस लागतो. एकाने 'रॉसला भेटू' म्हटलं आणि दुसऱ्याने भलतंच रॉस धरलं तर त्या दिवशी भेट नाहीच.

आता वेळ. इंदूरहून थेट विमान नाही. चेन्नई, कोलकाता किंवा दुसऱ्या एखाद्या मोठ्या शहरातून जावं लागतं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. स्वस्त पडतं म्हणून वेगवेगळी तिकिटं काढली आणि इंदूरचं विमान उशिरा सुटलं, तर पुढचं विमान चुकल्याची जबाबदारी कोणी घेत नाही. पुढे जाणारी बरीच विमानं पहाटे-सकाळी असतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी तिथे पोचून रात्र काढणं हाच शहाणपणाचा मार्ग. मित्रही त्याच दिवसांत निघणार असेल तर सरळ चेन्नईच्या विमानतळावरच भेटा, पुढची अर्धी डोकेदुखी वाचते.

पोर्ट ब्लेअरला उतरल्या दिवशीच दुपारची बोट पकडून हॅवलॉक गाठायचा मोह होतो. विमान वेळेवर आलं तर जमतंही. पण त्यावर भेट बांधू नका. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला, दुसऱ्या सकाळची बोट, आणि भेटीचा नियम असा: सकाळच्या बोटीला नाही दिसलो तर दुपारच्या बोटीला, तेव्हाही नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीला, त्याच फाटकावर. आधी पोचलेल्याने जागा सोडून शोधायला निघायचं नाही. दोघंही शोधायला निघाले की कोणीच सापडत नाही.

अंधाराचा हिशेब इंदूरच्या सवयीने करू नका. घड्याळ तेच, पण अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला. डिसेंबरात इंदूरला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तिथे पाचलाच. 'संध्याकाळी साडेपाचला बीचवर' म्हणजे तिथे काळोखात. उलट पहाटे साडेपाचला उजाडतं, त्यामुळे दिवस लवकर सुरू करणारा तिथे सुखी असतो.

भेट होईपर्यंतच्या बोटींची तिकिटं प्रत्येकाने आपली आपण काढावी. तिकीट नावावर असतं, चढताना ओळखपत्र बघतात, आणि एकाने दोघांचं काढलं की दुसरा अडकल्यावर पैसे कोणाचे बुडाले यावरून कुरकुर सुरू. धक्क्यावर तासभर आधी पोचा. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात. मे ते नोव्हेंबरच्या पावसात हे जास्त, आणि बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं ऑक्टोबर ते डिसेंबरातही येतात. भेटीचा बेत जानेवारी ते एप्रिलमध्ये बसवला तर निम्मी काळजी मिटते. खासगी बोट रद्द झाली तर परताव्यासाठी भांडत बसण्याआधी एकाने सरकारी बोटीची तिकीट खिडकी गाठावी, कारण तिथल्या जागा लगेच भरतात.

आता निरोपांचं. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट पुष्कळ सुधारलं, तरी लहान बेटांवर आणि आडबाजूच्या किनाऱ्यांवर रेंजचा भरवसा नाही. दोघांकडे दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असावीत. व्हॉट्सॲपपेक्षा साधा एसएमएस कमजोर रेंजमध्ये लवकर जातो. त्यात चारच गोष्टी लिहा: मी कुठे, पुढची बोट कोणती, भेट कुठे, पुन्हा फोन कधी चालू. उदाहरणार्थ: 'हॅवलॉकला आहे. उद्या हलत नाही. दुपारच्या बोटीला फाटकावर. रात्री ८ ला फोन चालू.' 'पोचलो रे, भेटूच' या निरोपातून काहीही कळत नाही. नकाशे घरूनच, ऑफलाइन उतरवून घ्या.

शिवाय घरी एक निरोप्या नेमा. बेटावरून बेटावर फोन लागत नाही तेव्हा दोघांपैकी एकाचा तरी इंदूरला लागतो, म्हणून दोघांनीही बदललेला बेत आधी त्याला सांगायचा. हे काम आईकडे देऊ नका, बोट रद्द झाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत पोचेल. एखादी वहिनी किंवा ऑफिसातला शांत डोक्याचा मित्र बरा. त्याच्याकडे दोघांच्या मुक्कामाचे पत्ते, बोटींची तिकिटं आणि ओळखपत्रांचे फोटो असू द्या.

सॅक भरताना लोक एक चूक हमखास करतात: 'पॉवर बँक तू आण, औषधं मी आणतो.' भेट होईपर्यंत प्रत्येकाने स्वतःपुरतं सगळं जवळ बाळगायला हवं, कारण वाटणीचं सामान असलेला माणूसच दुसऱ्या बेटावर अडकतो. चाळीस-पंचेचाळीस लिटरची सॅक, वजन आठ-नऊ किलोच्या आत. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच. कागदपत्रं आणि रोख जलरोधक पिशवीत. रोकड दोन-तीन दिवस पुरेल इतकी हवीच. लहान बेटांवर एटीएम मोजकी, त्यातली कधी रिकामी, आणि रेंज गेली की यूपीआयही गेलं. मित्रासाठी शेव आणि जिरावण मसाल्याची पुडी नेणार असालच, तर घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. तिथल्या दमट हवेत उघडी शेव बघता बघता मऊ पडते.

बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून अव्होमिनसारखी गोळी सुटण्याआधी तासभर घ्या, मधल्या भागात बसा, नजर क्षितिजावर ठेवा. पण या गोळीने झोप येते. उतरल्या उतरल्या भाड्याची स्कूटर घेऊ नका. मित्राला चालवू द्या, किंवा बस-रिक्षाने जा.

भेटल्यावर पहिला दिवस मोकळा ठेवा. आधी आलेल्याला किनाऱ्यांचा कंटाळा आलेला असतो, नव्याला सगळं आजच बघायचं असतं, आणि खटके इथूनच उडतात. खर्चासाठी दोघांनी सारखी रक्कम एका पाकिटात टाकावी आणि जेवण, रिक्षा, बोट त्यातूनच भागवावी. रोज रात्री हिशेब करायची गरज उरत नाही. स्कूबा करायचं असेल तर आधी करा. शेवटच्या डायव्हनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो.

परतीची शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच. सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडायचा बेत एका रद्द बोटीने कोसळतो, आणि मग दोघांची तिकिटं जातात. दोघांची विमानं वेगळ्या वेळेची असतील तर निरोप मुक्कामावरच घ्या, विमानतळावर तिकीट नसलेल्याला आत येता येत नाही. आणि सॅक बंद करण्याआधी किनाऱ्यावरून उचललेलं पोवळं आत राहिलं नाही ना ते बघा. ते नेणं गुन्हा आहे, आणि विमानतळावरच्या तपासणीत सापडतं.