पहिल्या सत्रात घात करते ती तारीख

जपानी विद्यापीठात एप्रिलला इतिहासाचं पहिलं सत्र सुरू करणाऱ्या मराठी मुलामुलींना धास्ती असते ती कांजीची, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांची. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू पातळी झालेली, सगळ्यात वरची एन-वन लटकलेली, आता ही जाड पुस्तकं वाचायची कशी? कांजी बसतात. इतिहासाचे तेच ते शब्द पानापानावर भेटतात आणि दोन-तीन महिन्यांत ओळखीचे होतात. रिपोर्ट परत येतो तो तारखांमुळे, आणि नेमकं काय चुकलं हे लवकर उमगतही नाही.

राजवटीच्या सनांचा, म्हणजे जपानी वर्ष इसवी सनात आणायचा, तक्ता सगळ्यांना पाठ असतो: मेइजीत १८६७ मिळवा, ताइशोत १९११, शोवात १९२५, हेइसेइत १९८८, रेइवात २०१८. मेइजी ३७ म्हणजे १९०४. इथवर ठीक. पण हे गणित डोळे मिटून वापरायचं ते मेइजी ६ पासून पुढेच. जपानने पाश्चात्त्य कॅलेंडर लागू केलं १ जानेवारी १८७३ ला. त्याआधीचे महिने चांद्र. त्या बदलापायी मेइजी ५ चा बारावा महिना दोनच दिवसांचा झाला. त्याआधीच्या कागदावर ‘शिगात्सु’ दिसला तर तो एप्रिल नव्हे, चौथा महिना. एवढं एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

उदाहरण घेऊ. आको संस्थानाच्या सत्तेचाळीस रोनिननी (धनी गमावलेल्या सामुराईंनी) किरा या सरदाराच्या वाड्यावर हल्ला केला तो गेनरोकु १५, बारावा महिना, १४ तारखेच्या रात्री. तक्ता सांगतो, गेनरोकु १५ म्हणजे १७०२. मग आपण लिहितो ‘१४ डिसेंबर १७०२’. यात दिवस, महिना आणि साल, तिन्ही चूक. ती रात्र होती ३० जानेवारी १७०३ ची. चांद्र वर्षाचं शेपूट पुढच्या इसवी सनात शिरतं, म्हणून असं होतं. अकराव्या-बाराव्या महिन्याची नोंद दिसली की थांबायचं आणि रूपांतर तपासायचं. जपानच्या राष्ट्रीय खगोल वेधशाळेच्या संकेतस्थळावर ही सोय फुकट आहे.

मराठी विद्यार्थ्याला हे परकं वाटायचं कारण नाही. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. सरधोपट ७८ मिळवले तर १६२९ येतं. पण फाल्गुन वर्षाच्या शेवटी, म्हणून साल १६३०. अगदी तीच गोम. शिवाय आपल्यासारखाच जपानी महिनाही अमावास्येपाशी सुरू होतो, त्यामुळे पंधरा तारीख म्हणजे पौर्णिमेच्या आसपासची. रोजनिशीत १५ तारखेला ‘चंद्र नसलेली काळोखी रात्र’ म्हटलं असेल आणि ढगांचा उल्लेख नसेल, तर वाचनात काहीतरी चुकलंय असं समजा. फरक एकच, पण तो फसवतो. आपल्याकडे अधिक महिना आधी आणि निज नंतर. जपानात उलट: आधी मूळ चौथा महिना, मग ‘उरू-शिगात्सु’, म्हणजे अधिक चौथा. आपल्या सवयीने क्रम लावलात तर घटना महिनाभर मागेपुढे होतात.

पूर्व आशियाच्या इतिहासात तर एका घटनेला तीन पंचांगं असतात. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर केलेल्या स्वाऱ्या (१५९२ ते १५९८) जपानी पुस्तकात ‘बुनरोकु-केइचो’ या सनांच्या नावाने येतात, कोरियन पुस्तकात ‘इमजिन’ या साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाच्या नावाने, आणि चिनी पुस्तकात वानली सम्राटाच्या राजवटीखाली. आणि गंमत बघा, मे १५९२ मध्ये सैन्य कोरियातल्या बुसान बंदरात उतरलं तेव्हा बुनरोकु सुरूच झालेला नव्हता. मूळ कागदांवर तेनशो २० आहे. सन बदलला बाराव्या महिन्यात, म्हणजे जानेवारी १५९३ उजाडल्यावर. ‘बुनरोकु’ एवढाच शब्द टाकून शोध घेणाऱ्याला स्वारीच्या पहिल्या महिन्यांचे कागद सापडत नाहीत ते म्हणूनच.

जपानमधल्या हिरादो बंदरातल्या इंग्रज वखारीचे (१६१३ ते १६२३) कागद हाती आले तर आणखी सांभाळा. इंग्रजांची तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची, शेजारच्या डचांपेक्षा दहा दिवस मागे.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. वहीत तीन रकाने आखा: कागदावर जशी आहे तशी तारीख, रूपांतरित तारीख, आणि ती कुठे सापडली ते पान. पहिला रकाना कधीही खोडू नका. एक महिना हे केलंत की हात आपोआप वळतो. घाबरण्यासारखं यात काहीही नाही.

आता विषय निवडताना. नियमाने एका क्रेडिटमागे ४५ तासांचा अभ्यास धरलेला असतो. दोन क्रेडिटच्या व्याख्यानाला एकूण ९० तास. त्यातले ३० वर्गात, ६० घरी. पंधरा आठवड्यांत वाटले तर दर आठवड्याला घरचे चार तास. आठ विषय घेतलेत तर ३२ तास. त्यावर आठवड्याला २८ तासांची अर्धवेळ नोकरी, जी परदेशी विद्यार्थ्याच्या काम-परवान्याची कमाल मर्यादा आहे, ती पूर्ण वापरायची म्हटली तर आठवडा पुरत नाही. पहिल्या सत्रात आठाऐवजी सहा घ्या. सेन्पाई, म्हणजे वरच्या वर्गातली मुलं, ‘राकुतान’ची, म्हणजे सोप्या क्रेडिटांची यादी पुढे करतील. ती बाजूला ठेवा. सोप्या विषयात जपानी लिहायची वेळच येत नाही, आणि नेमकं तेच तर शिकायचं असतं. यादीऐवजी अभ्यासक्रमपत्रिकेत गुणविभागणी बघा: हजेरी किती, रिपोर्ट किती.

झेमीत, म्हणजे छोट्या गटाच्या चर्चावर्गात, ‘रेजुमे’ मागितला तर नोकरीचा बायोडेटा घेऊन जाऊ नका. रेजुमे म्हणजे तुमच्या सादरीकरणाचा छापील गोषवारा, सगळ्यांना वाटायचा. त्यात माणसांच्या नावांवर फुरिगाना, म्हणजे कांजीवर बारीक अक्षरांत लिहिलेला उच्चार, हवाच. आणि नावाचा उच्चार अंदाजाने ठोकू नका, कोशात बघा.

जुन्या मजकुराबद्दल थोडं. युद्धापूर्वीच्या सरकारी कागदांत काताकाना या उच्चारलिपीच्या अक्षरांवरची दाकुतेनची, म्हणजे ‘हे’चा ‘बे’ करणारी, दोन टिंबं गाळलेली असतात. १८८९ च्या मेइजी संविधानाच्या तिसऱ्या कलमात ‘बेकाराझु’ हे ‘हेकारासु’ असं छापलंय. मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करणारे इथे हमखास आपटतात, कारण यंत्र ‘हे’ला ‘हे’च समजतं. मोठ्याने वाचा, टिंबं पेन्सिलने स्वतः भरा. आठवड्याला एक पान, बस्स.

सरावाला आशियाई इतिहास अभिलेख केंद्राचा साठा उत्तम. २००१ पासून इंटरनेटवर मोफत खुला आहे. संदर्भक्रमांक ए ने सुरू होत असेल तर कागद राष्ट्रीय अभिलेखागाराचा, बी परराष्ट्र खात्याचा, सी संरक्षण खात्याचा. १८९३ मध्ये निप्पोन युसेन या जपानी जहाज कंपनीने मुंबईपर्यंत बोट सुरू केली ती कापसासाठी, त्यामुळे बी मध्ये आपल्या मुंबईबद्दलचे वाणिज्य दूतांचे अहवाल भेटतात. फक्त शोधताना काताकानात ‘बोन्बेइ’ एवढंच लिहून थांबू नका. जुन्या कागदांत मुंबई दोन कांजींत लिहिलेली असते: पहिली चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसच्या नावातली ‘मो’, दुसरी ‘विकत घेणे’ची. दोन्ही तऱ्हांनी शोधा.