दोन अँटीव्हायरसवरून एकावर आले

दोन पहारेकरी असले तर सुरक्षा दुप्पट, असं समजून मी घरच्या कॉम्प्युटरवर दोन अँटीव्हायरस टाकले होते. दोन्हींचं रिअल-टाइम संरक्षण, म्हणजे सतत चालणारी तपासणी, चालू. साधी फाईल उघडली तरी दोघेही ती एकदमच तपासायला घेत. हार्ड डिस्कचा वापर सतत १०० टक्क्यांवर. त्यात एकाने क्वारंटाइनमध्ये (संशयित फाईल वेगळी कोंडून ठेवायच्या जागेत) ठेवलेली फाईल दुसऱ्याला व्हायरस वाटायची, मग इशारे थांबायचेच नाहीत.

एक अनइन्स्टॉल केला, तरी संथपणा जाईना. त्याचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत खोलवर चालणारे छोटे प्रोग्राम, मागे राहिले होते. शेवटी त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल उतरवून सेफ मोडमध्ये (यात विंडोज फक्त गरजेपुरतंच चालू असतं) चालवलं, रीस्टार्ट केलं, तेव्हा कुठे कॉम्प्युटर पूर्वीसारखा चालू लागला.

दुसरं मत मात्र मला हवंच असतं, कारण कुठलाही एक स्कॅनर सगळं पकडत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये दुसरा अँटीव्हायरस असला की विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर आपोआप बाजूला होतो. पण ‘पिरिऑडिक स्कॅनिंग’ चालू केलं की तो कायम पहारा न देता अधूनमधून तपासणी करतो. जास्तच संशय आला तर मी मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर हा हवा तेव्हाच चालवायचा स्कॅनर चालवते. तो डाउनलोडनंतर १० दिवसच चालतो, त्यामुळे दर वेळी ताजा उतरवून घेते.