वॉर्डात शिकवताय? या चुका टाळा

प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, केस पोटाची. हिस्टरी नीट सांगितली, बाकी तपासणीही सांगितली आणि शेवटी म्हणाला, "सर, स्प्लीन लागत नाही." पेशंटची स्प्लीन, म्हणजे प्लीहा, पार बेंबीच्या खाली उतरलेली होती. म्हटलं, "कसं तपासलंस ते दाखव." त्यानं हात थेट डाव्या बरगडीखाली ठेवला. एवढ्या वाढलेल्या प्लीहेत तिथं ठेवलेला हात प्लीहेवरच पडतो, मग तिची कड हाताला लागणार कशी? सुरुवात उजवीकडे खाली, जांघेच्या वर करायची आणि प्रत्येक श्वासाबरोबर तिरकं वर सरकायचं, हे त्याला तोंडपाठ होतं. विचारल्यावर त्यानं धडाधड म्हणून दाखवलं. हात मात्र वेगळंच काहीतरी करत होता.

त्याचं लॉगबुक, म्हणजे शिकलेल्या कौशल्यांची नोंदवही, मागवलं. 'पोटाची तपासणी' या ओळीसमोर सही होती, तारीख होती, शिक्कासुद्धा होता.

पोरगा हुशार होता. फक्त इतक्या वर्षांच्या पोस्टिंगमध्ये, त्याचा हात पोटावर असताना त्या हाताकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. एमबीबीएस असो, नर्सिंग असो की फिजिओथेरपी, वॉर्डात शिकवण्यातल्या बहुतेक चुका इथूनच फुटतात. आपण सांगतो, मुलं ऐकतात, माना डोलावतात, आणि करायची वेळ येते तेव्हा आपण ओपीडीत नाहीतर मीटिंगमध्ये असतो. नव्यानं लागलेले असिस्टंट प्रोफेसर, सीनियर रेसिडेंट आणि नर्सिंग ट्यूटर यांच्यासाठी हे लिहितोय. यातल्या निम्म्याहून अधिक चुका मी स्वतः बरीच वर्षं केल्या आहेत.

न पाहता सही

२०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला. त्यात कौशल्य शिकवण्याच्या चार पायऱ्या दिल्या आहेत: दाखवा, निरीक्षण करू द्या, मदत करू द्या, मग स्वतः करू द्या. कागदावर याला नाव ठेवायला जागा नाही. प्रत्यक्षात टर्म संपायच्या आदल्या दिवशी डिपार्टमेंटबाहेर रांग लागते आणि चहा पिता पिता पन्नास लॉगबुकं हातावेगळी होतात. पूर्वी जर्नलवर अशाच सह्या व्हायच्या. वहीचं नाव तेवढं बदललं.

यावर जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे मिनी-सीईएक्स. अमेरिकेत जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी तो १९९५ मध्ये मांडला. विद्यार्थी खऱ्या पेशंटला तपासतो, शिक्षक १५-२० मिनिटं बघतो आणि नंतर थोडा वेळ त्यावर बोलतो. आपल्या ओपीडीच्या गर्दीत २० मिनिटं कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून मी त्याचे तुकडे करतो. आज या मुलीची फक्त पोटाची तपासणी, उद्या त्या मुलाची फक्त पहिली पाच मिनिटांची हिस्टरी. रोज दोघं धरली तरी १५ जणांची बॅच आठ दिवसांत पुरी होते. सही तिथंच, बेडपाशी. ज्या दिवशी पाहिलं नाही त्या दिवशी सही नाही, मग कुणी कितीही गयावया करो.

यातलं अवघड काम बघण्याचं नाही, गप्प राहण्याचं आहे. विद्यार्थी चुकला की आपला हात आपोआप पुढे जातो, "सरक, मी दाखवतो" तोंडातून निघतं आणि पुढचा सगळा तास आपणच तपासत राहतो. मी हल्ली बेडच्या पायथ्याशी उभा राहतो आणि दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घालतो. पेशंटला इजा होण्यासारखं काही असेल तरच हात बाहेर काढायचे.

कुणी समोर पाहतंय म्हटल्यावर काही मुलांचे हात थरथरतात. अशा वेळी पहिल्या खेपेला मार्कांचं नाव काढू नका. "आज मी फक्त बघणार आहे" एवढं आधीच सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपर्यंत भीती बरीच उतरलेली असते.

"कळलं का?"

या प्रश्नाचं उत्तर वॉर्डात कायम "हो सर" असंच येतं. त्यातून काहीही समजत नाही, म्हणून तो विचारणंच सोडून द्या. त्याच्या उलट टोकाची चूक म्हणजे बेडपाशी उलटतपासणी घेणं. एकेकाला उभं करून, उत्तर आलं नाही की पेशंट आणि नातेवाइकांसमोर "बारावीत मार्क कसे पडले रे तुला?" असं विचारणारे शिक्षक माझ्या पिढीनं पाहिले. त्यांची कीर्ती मोठी होती आणि आजही त्यांच्या गोष्टी गेट-टुगेदरमध्ये रंगवून सांगितल्या जातात. त्यांच्याकडून आम्ही नक्की काय शिकलो, ते आठवून पाहा. मी एकच गोष्ट शिकलो, राउंडला मागच्या रांगेत उभं कसं राहायचं ते.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी पाच छोट्या पायऱ्यांची एक पद्धत मांडली. तिला 'वन मिनिट प्रिसेप्टर' म्हणतात. मराठीत तिचा निम्मा भार दोन प्रश्नांवर पेलतो. पहिला, "तुला काय वाटतं, काय झालं असेल यांना?" दुसरा, "कशावरून?" पहिल्या प्रश्नानं विद्यार्थ्याला कुंपणावरून खाली उतरावंच लागतं. दुसऱ्यानं त्याच्या विचाराची वाट दिसते. न्यूमोनिया हे उत्तर बरोबर असलं तरी "कशावरून?" म्हटल्यावर "एक्स-रे बघितला सर" असं येऊ शकतं, आणि मग छातीला स्टेथोस्कोप लागलाच नव्हता हे कळतं. त्यानंतर या केसपुरता एकच नियम सांगा, काय बरोबर केलं ते सांगा, काय चुकलं ते सांगा. संपलं. न्यूमोनियावरचं लेक्चर तिथं उभ्या उभ्या देऊ नका.

बरोबर काय केलं ते सांगताना "छान, गुड" यावर भागवू नका. "पोट दाबताना तू त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतीस, ते फार चांगलं केलंस" असं वाक्य त्या मुलीच्या कायम लक्षात राहतं. चूकही तितकीच नेमकी सांगा, आणि एका वेळी एकच. दहा चुका एकदम सांगितल्या तर नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

हिस्टरी इंग्रजीत, पेशंट मराठीत

आपण हिस्टरी शिकवतो ती इंग्रजी यादी म्हणून: ताप, खोकला, ब्रेथलेसनेस, पाल्पिटेशन. विद्यार्थी ती यादी तशीच पेशंटपुढे वाचतो. "काका, ब्रेथलेसनेस आहे का?" काका नाही म्हणतात. जिना चढताना त्यांना धाप लागते, रात्री उठून बसावं लागतं, पण ते कुणी विचारलेलंच नसतं. सरकारी कॉलेजात १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यामुळे बॅचमध्ये मराठी न येणारी मुलं असतातच. त्यांची अडचण तरी दिसते. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मराठी मुलांची अडचण झाकलेली राहते, कारण ती मराठी बोलतात, फक्त पेशंटची मराठी त्यांना कळत नाही.

'चक्कर' हा एकच शब्द घ्या. कुणाचं डोकं गरगरतं, खोली फिरते. कुणाला उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. कुणाला भोवळ येऊन तो पडतो. कुणाला नुसता अशक्तपणा आहे. चौघंही "चक्कर येते" असंच सांगतात आणि चौघांचा तपास वेगळ्या दिशेनं जातो. विद्यार्थी मात्र 'गिडिनेस' असा एक शब्द लिहून मोकळा होतो. "अंगावरून जातं" म्हटल्यावर लाल की पांढरं, हे विचारायचं असतं हे नव्या मुलाला कोण सांगणार? हातापायाला मुंग्या येतात, छातीत कळ येते, पोटात गुबारा धरतो, नुसतं "कसंतरी होतं". हे शब्द भागागणिक बदलतात. मी पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी मुलांना सांगतो की दोन पेशंटची तक्रार त्यांच्याच शब्दांत, जशीच्या तशी, देवनागरीत लिहून आणा. मग त्यावर बसून, या शब्दामागे काय काय असू शकतं ते काढतो. इतकी रंगणारी दुसरी क्लिनिक माझ्याकडे नाही.

याला जोडूनच आणखी एक सवय. पेशंटला कळू नये म्हणून क्षयाला 'कॉक्स', कॅन्सरला 'मायटोटिक' म्हणायचं आणि त्याच्या उशाशी उभं राहून सगळी चर्चा करायची. त्याच्या मुलानं तो शब्द एव्हाना मोबाइलवर शोधलेला असतो. जे त्याच्यासमोर बोलता येत नाही ते व्हरांड्यात बोला.

एकाच पोटावर चाळीस हात

परीक्षा जवळ आली की मोठ्या प्लीहेचा पेशंट म्हणजे देवस्थान होतो. सकाळपासून दर्शनाला रांग. शिकवण्याच्या रुग्णालयात दाखल झाला म्हणजे संमती मिळालीच, असं आपण धरून चालतो. विचारा. नाव घेऊन, काका-मावशी म्हणून विचारा, नाही म्हणायची मोकळीक द्या आणि नाही म्हटल्यावर उपचारात फरक पडणार नाही हेही सांगा. एका वेळी तीनच विद्यार्थी पुढे करा: एक तपासेल, एक त्याचं निरीक्षण लिहील, एक पेशंटशी बोलेल. बाकीच्यांना दुसऱ्या बेडवर पाठवा. १५०, २००, २५० जागांच्या कॉलेजात हे जमत नाही असं म्हणतात. २० जणांचा घोळका एका बेडभोवती केला तर मागच्या पंधरांना पुढच्यांच्या पाठी दिसतात, त्यापेक्षा हे नक्कीच जमतं.

जुने पेशंट यातून भलतेच तयार होतात, ती वेगळीच गंमत. "माझा मायट्रल (हृदयाच्या झडपेचा आजार) आहे, लिहा" असं परीक्षेत घाबरलेल्या मुलाला हळूच सांगणारे काका प्रत्येक जुन्या कॉलेजात सापडतील.

कौशल्य एकदाच आणि घाईत

सलाइनची सुई लावताना आपण हात चालवतो आणि तोंडही. सवयीमुळे आपला हात इतका वेगात जातो की पाहणाऱ्याला मधल्या पायऱ्या दिसतच नाहीत. कौशल्य शिकवण्यासाठी सर्जन पेटन यांनी सांगितलेल्या चार पायऱ्या इथं कामी येतात. आधी नेहमीच्या वेगात, न बोलता करून दाखवा. मग सावकाश, प्रत्येक पायरी सांगत. मग विद्यार्थी सांगेल तसं तुम्ही करा. शेवटी तो बोलत बोलत स्वतः करेल. तिसरी पायरी सगळे गाळतात आणि खरी मेख तिथंच आहे. "आता टूर्निके (हाताला आवळून बांधलेला पट्टा) सोडा" हे सांगायला विद्यार्थी विसरला तर त्याच्या डोक्यात कुठं भोक आहे ते सुई टोचण्याआधी दिसतं.

सीपीआरचंही, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचंही तसंच. छाती ५ ते ६ सेंटीमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर येऊ द्यायची. आकडे सगळ्यांना पाठ असतात. हाताला ते काही महिन्यांतच विसरायला होतं. सरावाचा पुतळा, म्हणजे मॅनिकिन कपाटात, कपाटाची किल्ली स्टोअरकीपरकडे आणि स्टोअरकीपर रजेवर, ही परिस्थिती असेल तर आधी किल्लीचं बघा. दर दोन-तीन महिन्यांनी पाच मिनिटं हात चालवणं हे वर्षातून एकदा दिवसभराच्या वर्कशॉपपेक्षा जास्त टिकतं.

ओएससीई म्हणजे १९७५ मध्ये रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत सुरू केलेली स्टेशनवार परीक्षा: एकेका टेबलापाशी ठरलेल्या वेळात एकेक काम करून दाखवायचं. तिचंही आपण पाठांतर करून टाकलंय. "मी हात धुतले असं समजतो" म्हणून मुलं पुढे जातात आणि चेकलिस्टवर टिक पडते. असं समजू नका, धुवायला लावा.

सिस्टरकडून न शिकणं

नर्सिंगच्या विद्यार्थिनींना वॉर्डात जादा हात म्हणून राबवतात. बेड लावा, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्या, सॅम्पल पोचवा. त्यांच्या पोस्टिंगचे तास भरतात, पण ट्यूटर वॉर्डात फिरकत नाही. आणि एमबीबीएसचा विद्यार्थी अनुभवी सिस्टरकडून काही शिकायचं असतं हे धरतच नाही.

मला इन्सुलिनच्या सिरिंजचा फरक इंटर्नशिपमध्ये एका सिस्टरनं शिकवला. आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिटची व्हायलही मिळते आणि १०० युनिटचीही. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज अशी गल्लत झाली तर २० च्या खुणेपर्यंत भरलेल्या सिरिंजमध्ये प्रत्यक्षात ५० युनिट जातात. मी तेच करायला निघालो होतो. सिस्टरनं हात धरला, दोन्ही सिरिंज शेजारी ठेवल्या आणि मला हिशेब करायला लावला. तोवर फार्माकॉलॉजीत मला इन्सुलिनचे सगळे प्रकार येत होते. आता माझ्या युनिटच्या पोस्टिंगमध्ये एक सकाळ सिस्टरांची असते आणि त्या दिवसाची सही त्याच करतात.

अलीकडे मी आणखी एक करून पाहतोय. विद्यार्थ्याची तपासणी संपली की तो बाजूला गेल्यावर पेशंटलाही विचारतो, कसं वाटलं. परवा एका आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पोरगी गुणाची आहे, विचारून हात लावला. पण तिला म्हणावं, आधी तळहात चोळून घे. बर्फासारखे गार होते गं बाई." मी मुलीच्या कार्डावर तेवढंच लिहिलं.