भिंतीची ओल: पुट्टीचं पोतं आणण्याआधी या चुका टाळा

दिवाळी तोंडावर आली की गावात घरोघरी पुट्टीची पोती येतात. फुगलेली भिंत खरवडायची, पुट्टी भरायची, वरून डिस्टेंपर मारायचा. आम्हीही लागोपाठ दोन वर्षं हेच केलं आणि दोन्ही वेळा पोळ्यापर्यंत पोपडे निघाले. चूक एकच, पाणी कुठून येतं ते पाहिलंच नव्हतं.

जमिनीपासून कमरेपर्यंत चढलेली आणि वरच्या कडेला पांढरा खार धरलेली ओल बहुधा पायातून येते. पाऊस पडला की वरचा डाग गडद होत असेल, तर कवेलू किंवा स्लॅब तपासा. ऐन मे महिन्यात खिडकीखाली ओल दिसली तर कूलरखाली हात घालून बघा, टाकी गळत असते. तरीही उलगडा झाला नाही तर फूटभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. आतल्या अंगाला थेंब धरले तर पाणी भिंतीत आहे. बाहेरच्या अंगाला धरले तर खोलीची हवाच दमट आहे, खिडक्या उघडा.

आमचं कारण अंगणात सापडलं. समोरचा सिमेंट रस्ता दोनदा उंच झाला, म्हणून आम्ही अंगणात भर टाकली आणि जोतं त्यात बुडालं. काळी माती एकदा भिजली की पाणी लवकर सोडत नाही. शेवटी ती जोत्याच्या वीतभर खाली उतरवली आणि पागोळ्यांचं पाणी नालीत सोडलं.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, कळकळीने सांगतो. मातीची भिंत आपली ओल हवेत सोडते, सिमेंट ती आत कोंडतं. बोटाने वाजवलं की पोकळ आवाज येतो, तोवर आतली माती भुसभुशीत झालेली असते. अशा भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा हवा.

खार धुऊ नका, तो विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा. बुरशी मात्र कोरडी झाडू नका, ती उडून छातीत जाते. मास्क लावून साबणाच्या पाण्याने, ओल्या फडक्याने पुसा. ब्लीचिंग पावडर वापरली तर त्यात संडासचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

कापसाचा ढीग आणि तुरीची पोती भिंतीपासून वीतभर लांब, फळ्यांवर ठेवा.

पाण्याची वाट बंद झाली की मार्चमध्ये ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा काढा, उन्हाळाभर विटा उघड्या ठेवा आणि मेअखेरीस नवा गिलावा करा. पहिलं वर्ष त्यावर फक्त चुना मारा.